भाऊंचा कायद्याचा अभ्यास

नवं पुस्तक हातात आलं की भाऊ ते मागून उघडायचे. शेवटच्या पानांवरून बोट फिरवायचे, उत्तरं कशी दिली आहेत ते बघायचे आणि मगच मुखपृष्ठाकडे वळायचे. "पुढं सगळेच गोड बोलतात," म्हणायचे, "मागं काय दिलंय ते बघावं." असं पुस्तक पारखणारं गिऱ्हाईक तुम्हीही कुठल्या दुकानात पाहिलं असेल. पण भाऊंचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं, आणि पुस्तक होतं वकिलीच्या प्रवेश परीक्षेचं.

साजगावच्या बाजूला आमचा पाइपांचा कारखाना. भाऊ तिथे मशिनवर, मी गेटजवळच्या टाइम ऑफिसात. कामगारांची हजेरी बघायची आणि त्यांचे मोबाइल जमा करून घ्यायचे, हे माझं काम. भाऊ कर्जतकडच्या गावातून मोटारसायकलने यायचे. थोडी शेती, बायको, एक मुलगी आणि मुक्त विद्यापीठातून केलेलं बीए. त्या बीएचा त्यांना फार अभिमान होता. रमाकांतचा हात मशिनमध्ये जाईपर्यंत होता.

रमाकांत त्यांच्या शेजारच्या मशिनवर असायचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात कंपनीचा माणूस इंग्रजी कागद घेऊन आला तेव्हा भाऊ खाटेशेजारीच उभे होते. रमाकांतने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि उजवा हात बँडेजमध्ये म्हणून त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. चूक आपलीच होती आणि आपली काही तक्रार नाही, असं त्यात लिहिलं होतं हे नंतर कळलं.

"मी बीए हाय," भाऊ मला म्हणाले, "आणि मला तो कागद कळला नाय. नाय कळला असं सांगायची लाज वाटली, म्हणून मान हलवली."

तिथून वकिलीचं डोक्यात बसलं. अभ्यासाआधी पुस्तकांचा शोध सुरू झाला. कुणी मोबाइलवरचे क्लास सुचवले. पण कामावर असताना मोबाइल माझ्या खिडकीत, आणि घरी व्हिडिओतले मास्तर बोलायला लागले की भाऊंना झोप लागायची. मग मराठी गाईड आणलं. दुसऱ्याच दिवशी ते माझ्यापुढे उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'प्रातिनिधिक दायित्व.' मी शब्दापुढे कंसात दिलेल्या इंग्रजीवरून अर्थ लावला, की नोकराच्या हातून चूक झाली तरी भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते. भाऊंनी तो शब्द पुन्हा एकदा मोठ्याने वाचून बघितला.

"मग तसं लिवायचं की. ही मराठी कुठल्या गावची?"

शेवटी पनवेलहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. बाकीच्यांत नुसतं अ, ब, क, ड असायचं. यात प्रत्येक उत्तरामागचं कारण दिलेलं होतं. पण ते डब्याच्या पिशवीत मावेना. भाऊंनी वर्कशॉपमधल्या करवतीने त्याचा कणा कापला आणि पातळ गठ्ठे केले. अख्खं पुस्तक बघितलं की उघडावंसंच वाटत नाही, एवढंसं असलं की आणखी थोडं वाचावंसं वाटतं, असा त्यांचा हिशेब. जोडीला मुलीचं सातवीचं इंग्रजी व्याकरण आणि मागचे पेपर. बाकी सगळं वाटून टाकलं.

पाळी सुरू होण्याआधी ते माझ्या खिडकीबाहेर बसायचे. रमाकांतला कंपनीने आता गेटवर ठेवलं होतं. इंग्रजी अक्षरं जोडत जोडत प्रश्न विचारायचं काम त्याचं. उताऱ्याखालचे पर्याय आले की भाऊ वाद घालायचे. चारही उत्तरं बरोबर असू शकतात, विचारणारा कोण हाय त्यावर ठरतं, म्हणायचे. रमाकांत छापलेलं उत्तर वाचून दाखवायचा आणि हसायचा. अपघातानंतर तो हसलेला मी तेवढाच बघितला.

परीक्षेत भाऊंना चांगले गुण पडले, प्रवेशही मिळत होता. कॉलेज सकाळचं, म्हणून कायमची दुपारची दुसरी पाळी मागायला ते साहेबांकडे गेले आणि सुपरवायझर होऊन परत आले. रोज दिवसाची ड्यूटी, पाळ्या बंद. इतकी वर्षं पाळ्या करून त्यांची पाठ गेली होती. बायकोने देवापुढे पेढे ठेवले. साहेबांनी हे मुद्दाम केलं की सहज, ते मला अजून ठरवता येत नाही. कॉलेज पुढच्या वर्षी, असं भाऊ म्हणाले.

पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यावी लागणार होती. ती राहिली. मग एक दिवस भाऊंनी ते गठ्ठे सुतळीने बांधून रमाकांतपुढे ठेवले, तुझ्या पोरांना पुढेमागे होतील म्हणाले. रमाकांतने हात लावला नाही.

"राहू दे, भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "तुमी वकील होनार म्हणून मी भरपाईसाठी थांबलो होतो."

त्यानंतर काही दिवसांनी एका नव्या कामगाराचा पाय पाइपांखाली दबला. तसाच कागद घेऊन जायला आता भाऊंनाच सांगितलं गेलं. हजेरीची नोंद लागते म्हणून मीही सोबत होतो. पोरगा औषधाच्या गुंगीत होता, खाटेपाशी त्याचे वडील बसले होते, डोक्यावर टोपी, पायांत चिखल वाळलेला. भाऊंनी तो इंग्रजी कागद ओळ न् ओळ वाचला आणि साध्या मराठीत सांगितला. सही केली की पुढे काही मागताना हाच कागद आडवा येईल, हेही सांगितलं. घाई करू नका म्हणाले. आपल्याच कंपनीचा कागद इतका सरळ उलगडून सांगताना मी दुसऱ्या कुणाला ऐकलेलं नाही.

वडिलांनी हात जोडले. "साहेब, तुमी एवढं समजावताय म्हंजे आमच्या भल्याचंच असंल. सही कुठं करू?"

भाऊंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, प्रत्येक वाक्याला मान हलवली, आणि सही केली.

महिन्याभरात भाऊंनी नोकरी सोडली. कुणाशी भांडले नाहीत, कारणही दिलं नाही. गावी रोपवाटिका काढली असं ऐकलं.

मध्यंतरी कर्जतच्या बाजारात भेटले. केस पांढरे झालेले, हाताला माती. रमाकांतची चौकशी केली. तो गेटवरच आहे म्हटल्यावर पायाशी ठेवलेल्या खताच्या पिशवीकडे वळले. मी म्हटलं, भाऊ, त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही योग्य तेच केलंत, तसं कुणी करत नाही.

त्यांनी मान हलवली नाही. खताची पिशवी खांद्यावर घेत म्हणाले, "नुसता कागद पुढं केला असता, तर म्हाताऱ्याला शंका आली असती. कुणाला तरी विचारलं असतं त्यानं."

आणि ते गर्दीतून स्टँडकडे चालू लागले.