मोकळा बार

वडिलांमागे शेतसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, की ही ठासणीची बंदूक यापुढे फक्त आवाज करील, जीव घेणार नाही. बायको हसली. म्हणाली, "मंग फटाके काय वाईट व्हते?" आमच्या वडवणीकडची हरणं फटाक्यांना भीक घालत नाहीत. इकडं लडी फुटत असते आणि तिकडं ती निवांत हरभऱ्याचे शेंडे खुडत असतात. बंदुकीच्या दणक्याला मात्र अख्खा कळप उड्या घेत माळाला लागतो आणि तीन-चार दिवस फिरकत नाही.

बार दोन तऱ्हेचे. दारूवर नुसती चिंधी ठासली की मोकळा बार, वर छर्रे सोडले की भरीव. बाहेरून बंदूक तीच दिसते. वडिलांचे छर्रे होते ते मी विहिरीत फेकले. मोकळ्या बाराच्या बाबतीत मात्र मी भलताच चिकित्सक. जुन्या धोतराची चिंधी फुसकी निघते, गोणपाट घट्ट बसतं, आवाज घुमतो. हे सगळं मला शिकवलं ते शेजारच्या रानातल्या माझ्या मित्रानं.

त्याची आणि माझी तीस वर्षांची सावड. त्याचे बैल माझ्या रानात, माझ्या घरची माणसं त्याच्या रानात, हिशेब कधी केला नाही. बंदुकीतही सावडच. ठासायचा तो, उडवायचो मी. परवान्याच्या कागदाला हे चालत नसेल, आम्हाला चालायचं. आणि सावडीत एक गोष्ट करायची नसते. दुसऱ्यानं केलेलं काम मागून तपासायचं नाही. त्यानं पेरलेल्या तासात बोट घालून बी किती खोल गेलं ते कुणी बघतं का? तो अपमान झाला.

यंदा हरणांनी त्याचा हरभरा दोनदा खाल्ला. त्याचं डोकं फिरलं होतं. "नुस्तं भेव दावून भागत न्हाई बे. एक पडलं की कळप वरीसभर तोंड दावत न्हाई," असं तो म्हणायचा. "माझ्या बंदुकीनं न्हाई," मी म्हणायचो. मग तो दुसरंच काही बोलायला लागायचा. मला वाटायचं, पटलं.

एके सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, त्याचा फोन आला. कळप त्याच्या हरभऱ्यात होता. मी बंदूक घेऊन गेलो. त्यानं बांधाआड बसून बार भरला, लोखंडी गजानं ठासला. गज नेहमीपेक्षा बोटभर नळीबाहेर राहिला. तो मला दिसला, हे शपथेवर सांगतो. म्हटलं, चिंधी जाड झाली असेल. विचारलं नाही.

"जरा खाली धर, आवाज लई घुमतो," तो म्हणाला. आणि मी बावळट, धरली खाली.

दणका झाला. कळप उधळला. एक मादी तेवढी राहिली. मी धावत पोचलो तोवर तिचे मागचे पाय झाडणंही थांबलं होतं.

मी त्याची गचांडी धरली. "कावून केलंस बे?"

"तुला सांगितलं आसतं तर उडवला आसतास का? म्हनून न्हाई सांगितलं," तो म्हणाला. आवाज एकदम साधा, पाण्याची पाळी बदलल्यासारखा. "घरी जा तू. मी पुरतो हिला."

मी तिथंच रडलो. परवाना जाईल, तुरुंगात जावं लागेल, ही भीती नंतरची. आधी एवढंच कळत होतं, की बोट माझं होतं आणि त्यानं ते वापरलं. घरी कुणाला सांगितलं नाही. बरं नाही म्हणून पडून राहिलो, जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरून डबा आला. "त्यांनी कंदुरी केली. बोकड कापलंय," बायको म्हणाली. कंदुरीचं म्हणजे देवाचं, त्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. शिवाय मला वाटलं, त्याचं मन त्याला खात असणार, म्हणूनच हे सगळं. माझा राग अर्धा तिथंच उतरला. आम्ही सगळे जेवलो. मी दोनदा वाढून घेतलं.

जेवणाच्या दुसऱ्या सकाळी मीच बांधावर गेलो. झालं गेलं सोडून दे, असं म्हणायचं ठरवून गेलतो. मी तोंड उघडायच्या आत तोच हसत पुढं आला.

"कंदुरी-बिंदुरी काय न्हाई, ते आपलं वहिनीला सांगायला. बार उडवनाऱ्याला मांडी द्यावी लागती, त्याचा वाटा मागं ठेवत न्हाईत. म्हनून तुला धाडली. आवडली का न्हाई?"

आवडली होती. हेच मी त्याला कधी माफ करणार नाही.