चार मात्रा आधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला शेरवानीच्या खिशातली सुपारीसुद्धा कधी लपवता आली नाही!

रियासतीतल्या एका बँडमध्ये ट्युबा वाजवत म्हातारा झालो. ट्युबा म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचा तो सर्वांत मोठा, जाड आवाजाचा भोंगा. वकिलाचं पोर भोंगा फुंकतं म्हणून वडील सहा महिने माझ्याशी बोलले नव्हते. असो. लोक विचारतात, रावसाहेब, तुमच्या आवडत्या तबकड्या कोणत्या? मी तीन नावं सांगतो. चौथीचं घेत नाही. खरी आवडती तीच.

तिचं ध्वनिमुद्रण झालं त्या दिवशी आम्हा दोघा ट्युबावाल्यांना सर्वांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं — नाहीतर आमचा आवाज बाकीच्यांना गिळतो. शेजारी यादगिरी. नवाच, माझ्याच हाताखाली शिकलेला. आवाज कोरून घ्यायची मेणाची शेवटची चकती उरलेली. चुकलं तर चुकलं. आणि क्लॅरिनेट अशी काही गोड वाजली, की मी मोजायचंच विसरलो. चार मात्रा आधी घुसलो!

काही महिन्यांनी तबकडी आली. बँडमास्तरांनी ऐकली. "कौन था ये?"

सगळ्यांनी यादगिरीकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे. तो माझ्याकडे बघत होता — त्याला ठाऊक होतं हो, गुडघ्याला गुडघा लावून बसलेला माणूस! पण मी त्याचा उस्ताद. तो कसा बोलणार? आणि मी? मला कोण काढणार होतं? कुणी नाही. नुसती इज्जत सांभाळली. भ्यालो.

दुसऱ्या दिवशी त्याचा ट्युबा काढून घेतला, गळ्यात मोठा ढोल अडकवला. निवृत्त होईपर्यंत तो ढोलच बडवत राहिला. रोज मला सलाम करायचा. रोज!

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट — त्या चुकीच्या जागी लागला तितका भरदार सूर मी जन्मात पुन्हा लावला नाही. दार लावून ऐकतो तो.

येत्या शुक्रवारी बँडच्या नव्या वादकांना आवडत्या तबकड्या ऐकवायला मला बोलावलंय. काल सिकंदराबादला जाऊन यादगिरीला आमंत्रण देऊन आलो. "हौ उस्ताद, आतौं," म्हणाला. केवढा खुलला! समोर दोन ट्युबा मांडायला सांगितलेत मी. फुंकायला त्याचे ओठ अजून शाबूत आहेत, आडून आडून विचारून घेतलं.

ती तबकडी सर्वांत वर ठेवली आहे. तो सूर आला की मी उभा राहणार आहे.