अक्कांचा वाकडा ठसा

"पुसू नका!" श्रीपादरावांनी माझं मनगट घट्ट धरलं. माझ्या हातात ओलं फडकं होतं आणि समोर भिंतीवर एक वाकडं, ओघळलेलं गुलाबी फूल.

"राव, ओलं आहे तोवर निघतंय. वाळलं की मग खरवडावं लागेल."

"अक्कानं मुहूर्तावर घातलेला पहिला ठसा आहे तो. सणाच्या तोंडावर पुसता?"

मी फडकं बादलीत टाकलं. दिवाळीला पाच दिवस उरले होते. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि पावसात डिस्टेंपरचा रंग वाळता वाळत नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी बेंगळुरात घरं रंगवायची कंत्राटं घेत असे. श्रीपादराव बसवनगुडीत राहत, एका कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. मुलीचं, नलूचं, लग्न उन्हाळ्यात झालेलं. पहिल्या दिवाळसणाला जावई येणार, म्हणून त्यांना एक खोली सजवायची होती. कंटोन्मेंटमध्ये त्यांच्या साहेबांच्या बंगल्यात त्यांनी वॉलपेपर पाहिला होता, भिंतीला चिकटवायचा फुलाफुलांचा विलायती कागद. तो त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता. मी स्टेन्सिल सुचवलं.

स्टेन्सिल म्हणजे फार काही नाही. जाड कागदाला अळशीचं तेल पाजून वाळवायचं, म्हणजे तो रंग पीत नाही. त्यात धारदार चाकूनं फूल कापून काढायचं. मग कागद भिंतीला धरून आखूड, ताठ केसांच्या ब्रशनं घट्ट रंग टिपत जायचं. ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंग जास्त झाला की कागदाखाली शिरतो आणि फुलाचा चिखल होतो. सुरुवात नेहमी भिंतीच्या मध्यापासून, ओळंब्याची दोरी सोडून. म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत फुलं सारखी तुटतात.

हे सगळं मी अक्कांना, म्हणजे श्रीपादरावांच्या आईंना, समजावून सांगितलं होतं. ऐंशीच्या पुढचं वय, हात थरथरता, आवाज मात्र खणखणीत.

"ते तुमचं शास्त्र. आमचं शास्त्र ईशान्येपासून. आणि पहिला हात घरातल्या थोरल्याचा. लहानच कोपरा आहे, स्वल्प सरका बघू."

मी सरकलो. त्यांनी ब्रश डब्यात बुडवला, मुठीपर्यंत. पुढचं तुम्हाला कळलंच आहे.

मी म्हटलं, त्या कोपऱ्यात कपाट ठेवू. अक्का म्हणाल्या, "माझा शकुन कपाटामागे?" आणि जेवणार नाही म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला आणि मध्यावर ओळंबा सोडून कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी खरी भानगड कळली. श्रीपादराव दर अर्ध्या तासानं डोकावत होते. "कागदासारखं दिसतंय ना?" पाचव्यांदा विचारल्यावर मी ब्रश खाली ठेवला.

"राव, हे स्टेन्सिल आहे. स्टेन्सिलसारखं दिसतंय."

त्यांनी दार लोटून घेतलं. "व्याह्यांना पत्रात लिहून बसलोय, नलूच्या खोलीला विलायती वॉलपेपर लावला म्हणून. त्यांच्या बेळगावच्या घरी आहे हो. आपली मुलगी तिथं नांदायची. खाली बघायला लागू नये तिला." मग हळूच म्हणाले, "आणि आता तेही येतायत. जावयाबरोबर."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. मला त्यांचा मनस्वी राग आला. जे काम मी चोख करत होतो, ते दुसरंच काहीतरी म्हणून खपवायचं होतं.

"जोड पण हवेत," ते म्हणाले. "साहेबांच्या भिंतीवर कागदाचे जोड दिसतात."

कागद लावणारे कारागीर जोड दिसू नये म्हणून जिवाचं रान करतात. आणि मी, चांगली सलग भिंत रंगवून, तिच्यावर फूटपट्टी धरून पेन्सिलीनं खोटे जोड आखत बसलो. इतकं मूर्ख काम मी आयुष्यात केलेलं नाही. पण दिसलं हुबेहूब, हेही सांगतो. चारी भिंतींवर फुलं कवायतीला उभी. फक्त ईशान्येला एक फूल दोन बोटं कललेलं, आणि त्याच्या देठाला ओघळ. कुठला छापखाना असं एकच फूल छापतो?

पहिल्या आंघोळीच्या सकाळी मी शिडी न्यायला गेलो, तर नेमके व्याही खोली बघत होते. दांडगा माणूस, लाकडाचा व्यापारी. नलू दाराशी उभी होती, पदराचं टोक पिळत. व्याह्यांनी भिंतीवरून हात फिरवला. पेन्सिलीच्या जोडावर बोट थांबवलं. मग सरळ ईशान्येला गेले.

"हे फूल असं कसं हो, रावसाहेब?"

श्रीपादरावांच्या कपाळावर घाम आला. "ते... प्रिंटिंग मिस्टेक. कारखान्यातच."

"मिस्टेक कसली?" मागून खणखणीत आवाज आला. "मी घातलंय ते! मुहूर्तावर!"

नलूनं मान खाली घातली. पोरीला खाली बघायला लागू नये म्हणून बापानं एवढा आटापिटा केला, आणि तेच झालं. माझा सगळा राग गेला आणि मला त्या माणसाची कीव आली.

व्याही अक्कांकडे वळले. "तुम्ही? तुमच्या हातनं?"

"मग? पणतीच्या पाळण्यापर्यंत टिकायला पाहिजे खोली."

ते एकदम हसले. "आमचा कागद एका पावसाळ्यात सुटला की हो! खळीला बुरशी आली, भिंतीला ह्या एवढाले फुगे. तुमचं पत्र आलं तेव्हा म्हटलं, आता ह्यांनाही सांगावं लागणार, फसलात म्हणून. लाजेनं गप्प बसलो." मग नलूकडे बघून म्हणाले, "पोरी, वर बघ. तुझ्या आजीचं फूल बेस्ट आहे."

नलूनं वर बघितलं. श्रीपादराव पलंगावर मटकन बसले.

व्याह्यांनी मला विचारलं, "तुम्ही केलंय? बेळगावला याल? दोन खोल्या आहेत."

"येईन की," मी म्हटलं. माझी छाती फुगली होती.

"एकच अट. पहिला ठसा आमच्या आईच्या हातनं."

मी गेलो. त्यांच्या आईला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. शिवाय घरात एक थोरली आत्या होती, आणि तिला दुसऱ्या खोलीचा मान हवा होता.

तेव्हापासून एस्टिमेट द्यायला गेलो की मी भिंती नंतर मोजतो. आधी म्हाताऱ्या मोजतो.