हलक्या गाडीचे दोन वेडे

इस्राएलमधल्या रामल्याला आमच्या बिल्डिंगखाली एक हिरवी गाडी उभी असायची. ती इतकी बुटकी होती की शेजारची मोरोक्कोची म्हातारी बाजारातून येताना तिच्या टपावर भाजीची पिशवी टेकवून दम खायची. माझ्या नवऱ्याने तिला एकदा नम्रपणे सांगितलं की बाई, ही इंग्लंडची स्पोर्ट्स कार आहे. तिने गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि दुसरी पिशवीही वर ठेवली.

गाडी नवऱ्याची आणि माझ्या दादाची, अर्धी अर्धी. लोदच्या विमानतळावर कामाला आलेल्या एका इंग्रजाने ती संत्र्याच्या बागेच्या कुंपणात घातली होती आणि मायदेशी परतताना मोडीच्या भावात देऊन टाकली. नवरा लोदलाच विमानं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात फायबरग्लासचं काम करायचा. या गाडीचं अंगही फायबरग्लासचं, त्यामुळे तिचे तुटलेले भाग बघून तो घाबरला नाही. दादा अश्दोदच्या बंदरात क्रेनचा मेकॅनिक होता. आम्ही मराठी यहुदी; दोघे मुंबईला एकाच वर्कशॉपात शिकलेले. दादा इस्राएलला आधी आला, मग त्याने मला बोलावून घेतलं आणि आपल्या या दोस्ताशी माझं लग्नही त्यानेच जमवलं. आईवडील लवकर गेले होते. दादाने स्वतः लग्न केलं नाही. तेव्हा माझं माहेर म्हणजे अश्दोदच्या दोन खोल्यांत राहणारा एक माणूस, बस.

गाडी चालती व्हायला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली, त्या दिवशी मी एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, वर पाच फळं, सगळं रीतसर. दोघांनी हात धुऊन प्रार्थना म्हटली आणि प्रसाद खाऊन झाल्यावर चिकट हातांनी परत बॉनेट उघडलं.

दर शुक्रवारी दुपारी दादा शिफ्ट संपवून बसने यायचा. आल्या आल्या तो माझ्या हातचं पाणी प्यायचा, मुलांच्या डोक्यावर टपली मारायचा आणि दोघे गाडी काढून तासभर गायब व्हायचे. मी स्वयंपाकात. सूर्य मावळायच्या आत तोंडं लाल करून परत यायचे, अंघोळी करायचे आणि मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बातची प्रार्थना, म्हणून जेवायला बसायचे. आमच्या मुलांना मराठीत विचारलं तरी ती हिब्रूत उत्तर द्यायची, पण 'मामा' ही हाक मात्र त्यांची मराठीच राहिली.

तसल्या गाड्यांचे आणखी आठदहा वेडे देशात होते. त्यांत तेल अवीवचा एक दातांचा डॉक्टर होता, बाकीचे कुणी किबुत्झच्या सामाईक शेतावरचे, कुणी हैफाचे. महिन्यातून एकदा सगळे रहोवोतजवळ संत्री भरायच्या शेडपाशी जमायचे, कारण तिथे ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा होता. त्यावर प्रत्येक जण आपापली गाडी तोलायचा. ज्याची सर्वांत हलकी, तो जिंकला. ती इंग्लिश कंपनीच मुळी या एका गोष्टीवर उभी होती: इंजिन लहान ठेवा, वजन काढून टाका, गाडी आपोआप पळेल. तिकडे इंग्लंडात तर ती गाडीचे सुटे भाग खोक्यात घालून द्यायची, घरी नेऊन आपली आपण जोडा. आमच्या दोघांनी सतरंजी काढली, रेडिओ काढला. दादाने मिळेल त्या लोखंडी पट्टीला भोकं पाडली. एकदा स्टेपनीही घरी ठेवून गेले आणि पंक्चर होऊन चालत परत आले. त्या रात्री दादाने अकरा पुऱ्या खाल्ल्या.

मी म्हटलं, "दादा, मोटरचं वजन करतोस ते ठीक. तुझं कधी करणार?"

"मी काय मोटरचा पार्ट नाय, बाय," दादा म्हणाला आणि बारावी घेतली.

त्र्याहत्तरची लढाई होऊन एखाद वर्ष झालं असेल, तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे इंग्लंडहून मासिक आलं. त्यात आमच्या त्या कंपनीची नवी गाडी होती. चार सीटा, आत गालिचा, थंड हवेचं यंत्र, बटण दाबलं की खाली जाणारी काच. वजन भरपूर आणि किंमत म्हणजे एका फ्लॅटची. खोक्यातून सुटे भाग मिळणं आता बंद, असंही लिहिलं होतं. कंपनीला आता मोठ्या लोकांत बसायचं होतं.

झालं! त्या वजनकाट्यावर दोन तट पडले. एक म्हणे कंपनीने इमान विकलं, दुसरा म्हणे कंपनीला अक्कल आली. मी त्यांना हलके आणि जड म्हणायची. जिचं एक चाक घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, अशा गाडीवरून चांगली कमावती माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. मला हसू आवरत नव्हतं, पण भांडण माझ्या घरात शिरलं तेव्हा हसू थांबलं.

नवरा जड निघाला. शुक्रवारच्या जेवणात म्हणाला, "कंपनीनं काय वाईट केलं? माणसं लग्न करतात, पोरं होतात. दोन सीटांवर किती दिवस काढणार? आपण पण ही विकून एखादी साधी चार सीटांची घेऊ. पोरांना समुद्रावर नेता येईल."

दादाने घास खाली ठेवला. "मग ट्रक घे ना. बस घे."

"तुला चेष्टा सुचते."

"अर्धी मोटर माझी हाय. माझी अर्धी मी विकणार नाय."

"बरं, मग तुझी अर्धी काढून ने!"

माझा नवरा रागात असलं काहीतरी बोलून जातो आणि दहा मिनिटांनी विसरतो. दादा विसरणाऱ्यांतला नाही. शनिवारी संध्याकाळी शब्बात संपल्याबरोबर तो पहिल्या बसने अश्दोदला गेला आणि पुढच्या शुक्रवारी आला नाही.

त्याच्या पुढच्याही नाही. मी कोपऱ्यावरच्या फोनमध्ये भोकाचं नाणं टाकून बंदरात निरोप ठेवायची. उत्तर यायचं: शिफ्ट आहे, युनियनची मीटिंग आहे, दाढ दुखते. नवरा शुक्रवारी एकटाच खाली जाऊन गाडी पुसायचा आणि वर येऊन म्हणायचा, "यायचं तर येईल, मी काय हाकलला?" धाकटा दारात उभा राहून विचारायचा, "एफो मामा?" मामा कुठाय, या एका प्रश्नाचं उत्तर देता देता मी रडकुंडीला आले. माझा सख्खा भाऊ एका इंग्लिश कंपनीच्या गालिच्यापायी मला तुटला होता. मला दोघांचाही भयंकर राग आला होता.

नव्याचा सण आला, म्हणजे रोश हशाना, आमचं नवं वर्ष. आदल्या दिवशी मी पहाटे उठून गव्हाच्या चिकाचा हलवा केला, वड्या डब्यात भरल्या आणि नवऱ्याला म्हटलं, "किल्ली द्या."

"कसली?"

"खालच्या मोटरची. मला माहेरी जायचंय."

लढाईत नवरे सैन्यात गेले तेव्हा मी कामाला होते त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीची व्हॅन चालवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी लायसन्स काढलं होतं. पण या गाडीला मी आजवर फक्त फडकं मारलं होतं. नवऱ्याने किल्ली दिली, मग चप्पल न घालताच जिना उतरून मागे आला. "क्लच हळू सोड. आणि दुसरा गिअर जरा अडतो," एवढंच म्हणाला. मला वाटतं, तो स्वतःच माझ्याबरोबर येणार होता, पण लाजला.

इथे सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, पण ही इंग्लिश गाडी, म्हणून हिचं उजवीकडे, म्हणजे गिअर डाव्या हाताने. पहिल्या चौकात मी दोनदा दारालाच गिअर समजून धरलं. मग रस्ता मोकळा मिळाला. ढुंगण जमिनीपासून वीतभर, ट्रकची चाकं माझ्या कानाशी, आणि पायाने नुसता स्पर्श केला की गाडी पुढे! मी मोठ्याने हसत होते. इतकी वर्षं दोघं दर शुक्रवारी लाल तोंडाने का परत यायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

अश्दोदला दादाच्या बिल्डिंगखाली गाडी थांबते न थांबते तोच तो गंजीफ्रॉकवर धावत खाली आला. आवाज ओळखला होता. मला बघून थबकला.

"एकटी आलीस?"

"हो. हलवा आणलाय. कपडे कर, घरी चल."

तो गाडीभोवती फिरला, एकेका टायरला लाथ मारून पाहिली, मग वर जाऊन शर्ट घालून आला आणि बराच खटाटोप करून बाजूच्या सीटमध्ये शिरला. गाडी त्याच्या बाजूला चांगली चार बोटं कलली. मी हसले, तो हसला नाही. मी किल्ली फिरवली नाही.

"दादा, कंपनीनं काही का करेना. त्यासाठी तू मला टाकतोस?"

"कंपनी गेली खड्ड्यात," दादा म्हणाला. हलव्याचा डबा त्याने मांडीवर घट्ट धरला होता. "त्या मोटरीला सीटा चार. तू, तो आणि दोन पोरं. फोटो बघितला तेव्हाच मी मोजलं, बाय."

मला आधी रागच आला. इतका मोठा माणूस, जहाजांचा माल उतरवणाऱ्या क्रेन सांभाळणारा, आणि सहा आठवडे हे पोटात घेऊन बसला होता! मग माझे डोळे भरून आले आणि समोरचा रस्ता दिसेना.

"आणि दोनच सीटा होत्या, तेव्हा?" मी म्हटलं. "दर शुक्रवारी तुम्ही दोघं बसून जात होता. मी मोजलं होतं?"

दादाने डबा पायाशी ठेवला. मग खिशातून रुमाल काढून आधी मला दिला आणि नंतर माझ्याकडून परत घेतला.

मी गाडी सुरू केली. दुसरा गिअर दोनदा अडला, एकदा चौकात इंजिनही बंद पडलं, पण रामला येईपर्यंत दादाने मला गाडी कशी चालवायची ते एकदाही सांगितलं नाही.