कमरेएवढ्या पाण्यात

गुडघे दुखायला लागले तेव्हा मी पन्नाशीच्या आसपास होते. महाळुंगे पडवळला, माझ्या सासरी, खुरपायला बसले की उठताना हात टेकल्याशिवाय जमेना.

धाकटी जाऊ रुईची पानं तेल लावून तव्यावर गरम करायची आणि गुडघ्यांवर बांधायची. त्या उबेत डोळे मिटायचे. सकाळी दुखणं तिथंच. मुलानं टीव्हीवर बघून पट्टा मागवला. तो घातला की गुडघ्याला धीर यायचा, एवढंच. मग मंचरच्या डॉक्टरांनी गुडघ्यात इंजेक्शन दिलं आणि मी हरखलेच. दिवाळीत अंगणभर रांगोळी काढली. संक्रांतीपर्यंत दुखणं पुन्हा पहिल्यासारखं.

"आता ऑपरेशनच का?" मी डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "झीज भरून येत नाही. पण घाई नको. आधी मांडीचे स्नायू बळकट करा, वजन थोडं उतरवा. गोळी फार दुखलं तरच. आणि जमलं तर पाण्यात चाला."

जाऊ म्हणाली, "बाई, चला की बंधाऱ्यावर. मी हाये ना."

तिचा हात धरून मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि अंगाचा सगळा भार कुणीतरी अलगद काढून घेतला. धुकं पाण्यावर टेकलेलं. तळाचा गाळ बोटांमधून वर आला आणि मी घाटघरला, माहेरच्या भातखाचरात पोचले. आई पुढे वाकलेली, मी तिच्या मागे, हातात रोपांची जुडी. किती वेळ गेला कोण जाणे.

काठावरून धुणं धुणारी एकजण ओरडली, "आजी, काय हरवलं व्हय?"

"गुडघं शोधतोय!" जाऊनं उत्तर दिलं.

घरी खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा व्यायामही होता. बरेच दिवस काही फरक पडेना. मी जाऊवर चिडायचे, ती तरी यायचीच. मग एका सकाळी बंधाऱ्याच्या पायऱ्या चढून वर आले आणि बघते तर ती अजून खालीच, साडी पिळत उभी.

उजवा गुडघा त्यावर निभावला. डावा मात्र ऐकेना. रात्रीची झोप उडाली, तेव्हा त्याची वाटी बदलून घेतली. ऑपरेशननंतरच्या गुंगीत मी पाण्यातच चालत होते, खाली तळ लागत नव्हता आणि भीतीही वाटत नव्हती. जाग आली ती कळ घेऊनच. पाय वाकवायला शिकताना मी लहान पोरीसारखी रडले. जाऊ म्हणायची, "रडा, पण वाकवा."

आता बाजारात जाऊन येते. मांडी घालून बसता येत नाही, पंगतीत मला खुर्ची देतात. थंडीत उजवा ठणकतो. आम्ही दोघी अजून बंधाऱ्यावर जातो, आणि पाण्यात फारसं बोलत नाही.