भाजी मंडईवरच्या छत्तीस हरकती

वारज्याला आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीसमोरच्या रस्त्यावर दिवे नव्हते. आसपासची गावं नुकतीच पालिकेत आली होती. हिंजवडीला एकामागून एक कंपन्या उघडत होत्या आणि त्यांतल्याच एकीत मी प्रशासन विभागात होते. कोणती बस कुठून किती वाजता निघेल, तिच्यात कोण बसेल, रजेवर कोण आहे, याच्या याद्या करणं हे माझं काम. घरीही मी याद्याच करते. वाण्याची वेगळी, औषधांची वेगळी, कुणाला फोन करायचे त्यांची वेगळी. त्यामुळे सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आलं याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आधीच्या सचिवांनी पाण्याच्या टाकीची कागदपत्रं आणि गणपतीच्या आरतीची पुस्तकं एकाच पिशवीत ठेवली होती. ती पिशवी बघितल्यावर मीच हो म्हणाले.

संध्याकाळी कंपनीची बस मला हायवेच्या कडेला सोडायची. तिथून घरापर्यंतच्या रस्त्यावर दहा-बारा बायका भाजी घेऊन बसायच्या. त्यांच्यातल्या एका मावशींकडून मी रोज भाजी घ्यायचे. मावशी यवतमाळकडच्या. नवरा बांधकामावर गवंडी म्हणून इकडे आला, त्याच्या मागे त्या आल्या. पहाटे चारचौघींत टेम्पो करून मार्केट यार्डातून माल आणायचा आणि दुपारपासून रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसायचं, असा त्यांचा दिवस. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पोत्याची चार टोकं धरून त्या आमच्या गेटात शिरायच्या. वॉचमन आत घ्यायचा. गाडी गेली की परत बाहेर. एकदा वेळेत उठता आलं नाही, तर तराजू आणि टोमॅटोच्या दोन पाट्या गाडीत गेल्या.

मग विकास आराखडा आला. पुढच्या वीस वर्षांत रस्ता कुठे, शाळा कुठे, बाग कुठे, हे रंगवून दाखवलेला नकाशा म्हणजे विकास आराखडा. आधी तो कच्च्या स्वरूपात जाहीर होतो. मग लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात, त्यांवर नियोजन समिती सुनावणी घेते, आणि समितीच्या शिफारशींसह तो नगरसेवकांच्या मुख्य सभेपुढे जातो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नकाशा बघून आले. आमच्या सोसायटीला लागून एक मोकळा तुकडा होता. तेव्हा तिथे गाजरगवत आणि एक मोडकी ट्रॉली एवढंच होतं. नकाशात त्या तुकड्यावर लिहिलेलं होतं : भाजी मंडई.

त्याच संध्याकाळी मी मावशींना सांगितलं.

"म्हंजे बसाले जागा?"

"जागा, ओटा, वर छप्पर, पाण्याचा नळ."

"गाडी नाई येनार?"

"मंडईत कशाला येईल? मंडई पालिकेचीच असणार."

त्यांनी मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "आमाले काई करा लागते का जी? कागद-बिगद?"

"काही नाही," मी म्हणाले. "आरक्षण पडलंय. आता फक्त थांबायचं."

हे मी सांगितलं. मला सगळी प्रक्रिया पाठ होती. हरकतीसारखीच सूचनाही देता येते, आणि 'हे आरक्षण कायम ठेवावे' एवढी एक ओळ लिहिली तरी ती सूचना होते, हेही मला माहीत होतं. पण जे आहे त्याला होकार कळवायला कोण जातं? शहाण्या माणसाने करायचं ते काम वाटलंच नाही.

आठ दिवसांनी सोसायटीची सभा भरली. विषय एकच. आमचे अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मंडई आली की उंदीर येणार. उंदीर आले की मांजरं येणार. मांजरं आली की तळमजल्यावरच्या आजी त्यांना दूध घालणार. मला पुढचं सगळं आत्ताच दिसतंय."

"मी दूध घालते ते माझ्या पैशाने," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला मुलगा नुकताच गृहकर्ज काढून आला होता. तो म्हणाला, "काका, मेन इश्यू पार्किंगचा आहे. आणि रीसेलला पण प्रॉब्लेम येणार. बाल्कनीतून कोथिंबीर दिसणारा फ्लॅट कोण घेईल?"

"मग भाजी कुठून आणायची?" मी विचारलं.

"मंडई पाहिजेच," अध्यक्ष म्हणाले. "मंडईला आमचा विरोध नाहीच मुळी. फक्त इथे नको. बाकी एवढं पुणं पडलंय."

ठराव झाला. हरकत घ्यायची. ठराव अमलात आणणं सचिवाचं काम, म्हणजे माझं. मी विरोधात मत दिलं नाही, बाजूनेही दिलं नाही. मी इतिवृत्त लिहीत होते. मनात हिशेब असा होता की आराखड्यावर हरकतींचा ढीग पडतो आणि आरक्षणं असतात तिथेच राहतात. सोसायटीचं समाधान होईल, मंडईही होईल. कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

तरीही काम नीट केलं, कारण गबाळं काम मला जमत नाही. एका कागदावर छत्तीस सह्या घेतल्या तर ती एक हरकत. छत्तीस कागदांवर एकेक सही घेतली तर छत्तीस हरकती. म्हणून घरटी एक कागद केला. प्रत्येकावर सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक, नकाशाच्या त्या भागाची प्रत, आणि खाली मुद्दे : वाहतूक, कचरा, जवळ असलेली शाळा. मुद्दे सगळ्यांचे सारखे दिसू नयेत म्हणून त्यांचा क्रम बदलला. वॉचमनला घरोघर पाठवून सह्या घेतल्या. छत्तिसावा कागद आमच्याच घराचा. त्यावर नवऱ्याने सही केली आणि विचारलं, "तुला मंडई नकोय?"

"मला हवीय," मी म्हणाले. "पण सचिवाच्याच घराचा कागद नसला तर बरं दिसणार नाही."

सुनावणीला अध्यक्षांनी मलाच पुढे केलं. लांबट टेबलामागे समितीचे सभासद बसलेले, बाहेर व्हरांड्यात माणसांची रांग. आत गेलेला प्रत्येक जण आपलं घर कसं रस्त्यात जातंय ते सांगून बाहेर यायचा, घाम पुसत. आमचा नंबर लागला. एका सभासदांनी आमची फाइल उघडली, अनुक्रमणिका बघितली आणि शेजारच्यांना दाखवली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"सकाळपासून पहिल्यांदा सर्व्हे नंबर बरोबर असलेला अर्ज बघतोय. बाई, आमच्याकडे नोकरीला या."

सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग त्यांनी लिपिकाला विचारलं, "या आरक्षणाच्या बाजूने काही आलंय?"

लिपिकाने रजिस्टरची दोन पानं उलटली. "नाही साहेब."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

सभासदांनी पेन उचललं. टोपण काढायला त्यांना दोन-चार सेकंद लागले. समोरच्या रस्त्यावर दहा-बारा बायका बसतात, त्यांना ही मंडई हवी आहे, एवढं सांगायला तेवढा वेळ पुरला असता. पण मी सोसायटीची सचिव म्हणून उभी होते. सोसायटीची फाइल हातात घेऊन सोसायटीच्या विरुद्ध बोलणं मला अव्यवस्थित वाटलं. अव्यवस्थित हाच शब्द तेव्हा मनात आला होता. त्यांनी लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

त्यानंतर मी जे केलं ते सगळं उशिरा केलं. आरक्षण कायम ठेवा असं माझ्या एकटीच्या सहीचं पत्र नेऊन दिलं. खिडकीवरच्या माणसाने ते वाचलंही नाही, तारीख बघितली. "मुदत संपली. घेतो, पण 'मुदतबाह्य' असा शिक्का मारूनच घेणार." मी म्हटलं, मारा. मग आमच्या नगरसेवकांकडे गेले. त्यांच्या ऑफिसात सतरंजीवर माणसं बसलेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, छत्तीस हरकती कुणाच्या आहेत?"

"आमच्या सोसायटीच्या."

"आणि त्या लिहिल्या कुणी?"

मी शिक्का मारलेली प्रत पर्समध्ये परत ठेवली.

"मग मी सभागृहात उभं राहून काय सांगू? छत्तीस घरं मतदार आहेत. भाजीवाल्या बायकांपैकी किती जणींचं नाव इथल्या यादीत आहे?" चहा मागवत ते म्हणाले, "तुम्हाला यादीचं मी काय सांगावं?"

मावशी अधूनमधून विचारायच्या, "ताई, मंडईचं कुठवर आलं?" मी सांगायचे, अजून सभेत यायचंय. ते खरंच होतं. आराखडा मुख्य सभेच्या विषयपत्रिकेवर आला की मी रजा टाकून, पास काढून प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसायचे. पहिल्या वेळी सगळे उभे राहिले, कुणाला तरी श्रद्धांजली वाहिली आणि सभा तहकूब झाली. दुसऱ्या वेळी पाण्यावरून भांडण झालं, कुणीतरी रिकामे हंडे सभागृहात आणले, सभा तहकूब. तिसऱ्या वेळी कोरमच नव्हता. कंपनीत माझ्या साहेबांनी विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?" मी हो म्हणाले. मुख्य सभा चाललीय हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

शेवटच्या वेळी विषय पुकारला गेला तेव्हा मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. खाली पीठासीन अधिकारी काहीतरी वाचत होते : समितीच्या शिफारशींसह, विसंगत नसलेल्या उपसूचनांसह. मग "मंजूर?" आणि खालून दहा-पंधरा आवाज, "मंजूर, मंजूर." मी चष्मा लावेपर्यंत पुढचा विषय सुरू झाला होता.

शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आजोबा होते. गॅलरीत नेहमी दिसायचे. मी विचारलं, "झालं का?"

"झालं की. तुमचं काय होतं? रस्ता का बाग?"

"मंडई."

"हरकती होत्या का?"

"छत्तीस."

"आणि बाजूने?"

"काही नाही."

"मग गेली," ते म्हणाले, आणि डबा उघडून त्यांनी मला पोळीचा तुकडा पुढे केला. "खा. घरी जायला उशीर होईल."

मला त्या सभागृहाचा राग येईना. कुणी कट केला नव्हता, कुणी काही चोरून केलं नव्हतं. त्यांच्यापुढे जे कागद आले त्यांच्यावर त्यांनी निर्णय घेतला, आणि कागद मी दिले होते. राग यायला निदान दुसरं कुणीतरी लागतं.

मावशींना मी एवढंच सांगितलं की मंडई रद्द झाली. का, ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "होते जी असं," आणि भेंडी तोलून दिली. पुढे आराखड्यावर वरून शिक्कामोर्तब झालं, गाजरगवताच्या जागी अकरा मजले उभे राहिले, आणि त्यांनी आमच्या बाल्कनीतलं ऊन अडवलं. अध्यक्ष म्हणाले, यापेक्षा मंडई परवडली असती, ठेंगणी तरी असती. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही. मग रस्ता रुंद करायचं काम निघालं, आणि कडेला बसणाऱ्या बायकांना आठवड्यात जागा सोडायला सांगितलं.

त्या रविवारी दुपारी मावशी आमच्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चपला जिन्यातच काढल्या होत्या. मी खुर्ची दिली तर टेकल्या नाहीत, स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"ताई, एक अर्ज लिवून द्या. बसाच्या जागेचा. तुमचा अर्ज चालते म्हन्ते."

मी गॅस बंद केला. आता बोलायलाच हवं होतं. "मावशी, मंडई गेली ती माझ्याच अर्जांमुळे. सगळे कागद मी लिहिले होते."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. तुमचा वॉचमन सह्या घेत फिरे, तवा तो मले म्हने, मावशी, तुमच्यावरच कागद हाय." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "म्या म्हनलं, ताई सांगतीन. तुमी काई सांगतलं नाई."

"तुम्ही विचारलंही नाही."

"मी तर दर खेपेले विचारे, कुठवर आलं म्हून."

माझं चुकलं, असं म्हणावंसं वाटलं, पण ते म्हणून त्यांच्या हातात काय पडणार होतं? शेवटी मी कागद-पेन घेऊन टेबलाशी बसले. त्याही मग समोर येऊन बसल्या.

"जागा कुठली लिहू?"

"हायवेच्या पल्याड, तो मोठा नाला हाय ना, त्याच्या अंगाले."

"तिथे? तिथून कोण जातं? गिऱ्हाईक कुठून येणार?"

"येते थोडंबहुत. दोन दिस बसून पायलं म्या." मग कागदाकडे बघत त्या म्हणाल्या, "तिथं कोनाची सोसायटी नाई. लिवा."