उघडं फाटक

धरणगावच्या रस्त्यावर माझ्या शेताला लागून एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याचं शेत आहे. परदेशात दंगली उसळल्या तेव्हा शांतिसेनेची तुकडी सांभाळल्याबद्दल त्यांना पदक मिळालंय. गावानं सत्कार केला, तेव्हा हार त्यांनी गळ्यात न घालता हातातच धरून ठेवला. चालणं अजून ताठ, बोलणं मोजकं. खोड एकच, शेताचं फाटक कधी लावत नाहीत.

यंदा त्या फाटकातून बकऱ्या शिरल्या आणि बांध ओलांडून माझ्या शेतात आल्या. तण निंदायला आलेली अक्का ओरडली, "भाऊ, बकऱ्या बठ्ठी कपाशी खाई गयात!"

सगळी कपाशी फस्त झालेली बघून मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. "साहेब, फाटक लावायला काय हात दुखतात?"

ते उठून उभे राहिले. "चूक माझी आहे," म्हणाले. मग फाटकाकडे बघत सांगू लागले,

"तिकडे दंगलीत जमाव चालून आला, तेव्हा छावणीचं फाटक मीच बंद करायला लावलं. आतली सगळी माणसं वाचली. पदक त्याचं आहे. बाहेर राहिलेली माणसं फाटक वाजवत होती."

दुसऱ्या दिवशी मी बांधावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायला घेतलं, तर तेही कोयता घेऊन आले. दिवसभर माझ्या बरोबरीनं राबले. शेवटी एक माणूस आत येईल एवढी जागा मात्र त्यांनी मोकळी ठेवायला लावली.

तिथून बकऱ्या अजून येतात. मी हाकलतो, पण ती जागा बुजवत नाही.